पाच सेकंद जास्तीचे

संध्याकाळी सातच्या बातम्यांआधी पडद्यावर रंगीत पट्टे दाखवायचे ते दहा सेकंद, असं टीव्ही केंद्राच्या वेळापत्रकात स्वच्छ छापलेलं होतं. बाकीचे इंजिनियर दहाच दाखवत. हा एकटा पंधरा दाखवायचा. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, एकतीस वर्षं. त्यामुळे केंद्रात त्याचं नाव ‘पट्टेवाले’ पडलं. साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसणारा खरा पट्टेवाला वेगळाच होता आणि त्याला या नावाचा फार राग यायचा, पण नाव पाडणारे कधी कोणाची परवानगी घेतात का?

सगळ्यात जास्त जाच व्हायचा तो बातम्या वाचणाऱ्या बाईंना. काचेपलीकडे स्टुडिओत त्या कॅमेऱ्याकडे बघून चेहरा हसरा करून तयार बसायच्या आणि पट्टे काही हलायचे नाहीत. एकदा त्यांनी विचारलंच, “अहो, पाच सेकंद माझे गाल दुखतात. काय करता काय तुम्ही आत?”

“यंत्र जुनं आहे बाई,” तो म्हणाला. “गरम व्हायला वेळ लागतो.”

यंत्राला कसलाही वेळ लागत नव्हता. ते पाच सेकंद त्याच्या ताईचे होते.

आईवडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि ताई एकोणीसची. ताई लग्न होऊन सासरी गेली ती भावाला बोटाला धरूनच. दाजी सुतार होते, स्वतःचा कारखाना होता, बोलायला फटकळ पण हाताचे सढळ. त्यांना मूलबाळ झालं नाही. मेहुण्याला त्यांनी रंधा धरायला शिकवलं, करवतीला धार लावायला शिकवलं, आणि हा कारखाना पुढे हाच बघणार असं मनाशी धरून ठेवलं. मेहुण्याने मात्र गुपचूप रेडिओ-टीव्हीचा अभ्यास केला आणि पंचविसाव्या वर्षी डोंगरावरच्या टीव्ही केंद्रात नोकरी पटकावली. दाजींच्या डोक्यात तिडीक गेली. “जा, हवेत चित्रं उडव,” ते म्हणाले. “पुन्हा या दारात पाय ठेवलास तर याद राख.” माणूस शब्दाचा पक्का होता. नको तिथेही पक्का होता.

बसथांब्यावर पोचवायला ताई एकटीच आली. लहानपणच्या तापाने तिचे कान तेव्हाच अर्धे गेले होते, त्यामुळे तिच्याशी बोलायचं म्हणजे तोंड कानाशी न्यावं लागायचं.

“ताई, रोज सातला टीव्ही लाव,” तो म्हणाला. “बातम्यांआधी दहा सेकंद रंगीत पट्टे येतात. मोजत जा. मी कामावर असलो की पंधरापर्यंत धरीन. पंधरा झाले की समजायचं, मी आहे आणि बरा आहे.”

“आणि दहालाच गेले तर?”

“तर माझी सुट्टी.”

“मग फार सुट्ट्या घेऊ नकोस,” ताई म्हणाली.

त्याने घेतल्याही नाहीत. लग्न केलं नाही, गावोगाव हिंडला नाही, आठवड्याची एक सुट्टी सोडली तर संध्याकाळी सातला तो कंट्रोल रूममध्ये हजर. पण पहिल्याच आठवड्यात त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. ताईचं गाव डोंगराच्या बरोबर मागे होतं. केंद्राच्या नकाशात तो भाग काळा रंगवलेला होता. काळा म्हणजे तिथे चित्र पोचत नाही. ताई रोज सातला टीव्ही लावत असणार आणि पडद्यावरच्या नुसत्या मुंग्या मोजत असणार.

मनोऱ्यावर चित्र हवेत सोडणारे चार पॅनल होते, चार दिशांना तोंड करून. कोणत्या पॅनलचं तोंड नेमकं किती अंशांवर असावं ते सरकारी परवान्यात लिहिलेलं होतं, आणि परवान्यातलं अक्षर इकडचं तिकडे करणं हा गुन्हा होता. मनोऱ्यावर चढणारा एक माणूस होता, त्याला सगळे ‘खार’ म्हणत. पट्टेवाल्यांनी त्याला गाठलं, हातापाया पडले, आणि एका दुपारी केंद्र देखभालीसाठी बंद असताना खारीने वर जाऊन चार बोल्ट सैल केले आणि एक पॅनल नऊ अंश वळवला. नऊ अंश म्हणजे किती? खालून बघणाऱ्याला कळणारही नाही एवढे. आठ दिवसांनी पट्टेवाल्यांच्या नावाने एक पोस्टकार्ड आलं. मजकूर काहीच नव्हता. मधोमध फक्त ‘१५’ एवढं लिहिलं होतं.

त्यानंतर एकतीस वर्षं ताईच्या गावात चित्र दिसलं. मुंग्या होत्याच, पण मुंग्यांतून माणसाचा चेहरा ओळखू यायचा आणि पट्टे तर मोजता यायचेच. डोंगराच्या सावलीत आणखी तीन गावं होती. त्या लोकांनी अर्ज केले, खेटे घातले, एका गावाने तर केंद्राच्या मालकांची गाडी अडवून धरली. शेवटी केंद्राने कंटाळून त्या तिन्ही गावांना एकेक छोटा मनोरा बांधून दिला. ताईच्या गावाने काही मागितलं नाही. मागायचं कशाला, त्यांना दिसत होतं.

मग मालक वारले. मालक म्हणजे मुळात सिनेमाचं थिएटर चालवणारा हौशी माणूस, त्यांनी हौसेने केंद्र काढलं आणि हौसेनेच चालवलं. मुलांना बापाची हौस नको होती. राजधानीतल्या एका कंपनीने केंद्र विकत घेतलं. खरं तर केंद्र कोणी घेतलंच नाही. गळकं छत, तीन कॅमेरे आणि साठ माणसं घेऊन कोण काय करणार? घेतला तो परवाना, म्हणजे हवेतला अमुक एवढा पट्टा तुमचा असं सांगणारा एक कागद. त्याच सुमारास सरकारचा हुकूम आला की जुनं प्रक्षेपण बंद करायचं आणि सगळं डिजिटल करायचं. कंपनीने मनोऱ्याच्या टोकावर नवा अँटेना बसवला, एकसंध, नळकांड्यासारखा, ज्याला वळवायला ना तोंड होतं ना बोल्ट. संध्याकाळच्या स्थानिक बातम्या मात्र चालू ठेवाव्याच लागणार होत्या, तशी परवान्यातच अट होती. पट्टेवाल्यांची नोकरीही टिकली. त्यांनी सगळ्यात आधी नव्या यंत्रात पट्ट्यांचं बटण कुठे आहे ते बघून घेतलं. बटण होतं आणि हाताने धरताही येत होतं. जीव भांड्यात पडला. त्याच संध्याकाळी त्यांनी ताईसाठी टीव्हीला जोडायची डिजिटल पेटी विकत घेतली.

जुनं प्रक्षेपण बंद व्हायला तीन आठवडे उरले असताना परवाना खात्याच्या तपासणीसबाई आल्या. कागद तपासायचे, कंपनीच्या नावावर परवाना करून द्यायचा, एवढंच काम. नव्या प्रक्षेपणात कोणकोणती गावं येणार त्याची यादी त्यांनी टेबलावर पसरली. पट्टेवाल्यांनी वरून खाली बोट फिरवलं. मग खालून वर. सावलीतली ती तिन्ही गावं होती, त्यांच्या छोट्या मनोऱ्यांवरही नवी यंत्रं बसणार होती. ताईचं गाव नव्हतं.

“मॅडम, एक गाव राहिलंय.” त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

बाईंनी चष्मा सारखा केला. “इथे? इथे तर कधीच सिग्नल नव्हता.”

“तिथे लोक टीव्ही बघतात.”

“कसे बघतील? नकाशा बघा ना तुम्हीच. आणि टीव्ही हवा असता तर ओरडले असते. या शेजारच्या गावाच्या तक्रारींची फाईल एवढी जाड आहे. तुम्ही म्हणता त्या गावाची तक्रार एकसुद्धा नाही. नोंद नाही, तक्रार नाही, म्हणजे तिथे कोणाला टीव्ही नकोच आहे असा खात्याने अर्थ काढला.”

पट्टेवाल्यांचं बोट नकाशावरच राहिलं. एकतीस वर्षांत त्यांना हे कधी सुचलं नव्हतं. त्यांनी पॅनल वळवला नसता तर ते गावही ओरडलं असतं. ओरडलं असतं तर त्यालाही मनोरा मिळाला असता, आज यादीत नाव असतं, ताईला काचेसारखं स्वच्छ दिसलं असतं. त्यांनी गावाला चोरून चित्र दिलं आणि सगळ्या गावाचं तोंड बंद केलं.

त्यांनी दार लोटलं आणि बाईंना सगळं सांगून टाकलं. खार, बोल्ट, नऊ अंश, ताई. पोस्टकार्डसुद्धा.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“हे मी लिहून घेतलं तर परवान्याचा भंग होतो,” त्या म्हणाल्या. “भंग झालेला परवाना दुसऱ्याच्या नावावर होत नाही. कंपनी मागे फिरेल, केंद्राला कुलूप लागेल. साठ माणसं आहेत ना तुमची? आणि एवढं करूनही त्या गावाला काही मिळणार नाही. हरकती घ्यायची मुदत होती, ती गेल्या वर्षीच संपली.”

“मग मी काय करू, मॅडम?”

“मी काही ऐकलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “चहा मागवा.”

त्यांनी चहा मागवला. बाईंनी तो घेतला आणि जाताना, का कोण जाणे, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

रविवारी ते पेटी पिशवीत घालून ताईकडे निघाले. डोंगराला वळसा घालून बसने तीन तास लागायचे. दाजी चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ते वर्षातून दोनदा जायचे, पण जाऊन बोलायचं काय हा प्रश्नच असायचा. ताईचे कान आता पार गेले होते. फोनवर तर तिला काहीच ऐकू येत नव्हतं. समोर बसून कानाशी ओरडलं तर थोडंफार पोचायचं, पण जन्मभर पट्ट्यांवर भागवलेल्या बहीणभावांना एकमेकांवर ओरडून काय विचारणार? जेवलीस का? जेवले. गुडघे? आहेत.

या वेळी त्यांनी आल्याआल्या पेटी जोडली. नवं प्रक्षेपण चाचणीसाठी आधीच सुरू झालं होतं, आणि यादीत नाव नसलं तरी चुकूनमाकून थोडा सिग्नल येत असेल अशी वेडी आशा होती. जुन्या तऱ्हेत तसं असायचं, थोडं आलं तर थोडं दिसायचं. नव्या तऱ्हेत तसलं काही नसतं, एकतर सगळं नाहीतर काहीच नाही. पडदा निळा झाला आणि त्यावर अक्षरं आली, ‘सिग्नल नाही’. त्यांनी तार इकडून तिकडे नेली, खिडकीत नेली, स्टुलावर चढून कौलांपर्यंत नेली. अक्षरं हलली नाहीत.

“काय म्हणतंय ते?” ताईने विचारलं.

ते तिच्याजवळ जाऊन बसले. एकतीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट हळू आवाजात सांगायची सोयच नव्हती.

“ताई! तुमचं गाव यादीत नाही!”

“आं?”

“यादीत नाही! पुढच्या शनिवारनंतर टीव्ही दिसणार नाही!”

“का नाही?”

“माझ्यामुळे! मी पॅनल वळवला होता! चोरून!”

“अरे, हळू बोल की,” ताई म्हणाली. “लोक ऐकतील.”

लोकांनी ऐकलं होतंच. शेजारचे रिटायर्ड मास्तर कुंपणाच्या भिंतीपाशी झाडांना पाणी घालत होते. हातातल्या झारीचं पाणी त्यांच्याच पायावर सांडत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

“म्हणजे ते तू केलं होतंस?” मास्तर म्हणाले. “अरे, मी अर्ज लिहून तयार ठेवला होता तेव्हा. सह्या घ्यायला निघणार, तर टीव्हीवर चित्र आलं. म्हटलं, देव पावला. अर्ज फाडून टाकला मी! या हातांनी फाडला!”

“मास्तर, चूक झाली.”

“चूक कसली, उपकार केलेस. शेजारच्या गावाने शिव्या दिल्या, गाड्या अडवल्या, त्यांना दिसणार. आम्ही शहाण्यासारखे गप्प बसलो, आमचं गाव नकाशातच नाही. वा रे वा!” त्यांनी झारी जमिनीवर आपटली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पट्टेवाले मान खाली घालून बसले. त्यांना वाटलं, ताईही आता काहीतरी बोलेल. ती बोलली, पण भलतंच.

“त्यांना माहीत होतं,” ती म्हणाली.

“कोणाला?”

एवढे छोटे प्रश्न तिला भावाच्या ओठांवरूनच कळायचे. “तुझ्या दाजींना. मी ओठांतल्या ओठांत मोजायची ना, त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखलं. मला वाटलं, आता टीव्ही फोडतात. एकदा मी मागे धुणं वाळत घालत बसले, वेळेचं भान राहिलं नाही. मला हाक मारून काय उपयोग? तर स्वतः उठून आले, दंडाला धरून ओढत नेलं आणि टीव्हीसमोर उभं केलं. पंधरा होईपर्यंत दंड सोडला नाही.”

“मग मला बोलावलं का नाही कधी?”

“मी म्हटलं होतं, बोलावू या आता. तर म्हणाले, दारात पाय ठेवू नको म्हणालोय, आता शब्द कसा फिरवू.” ताईने पदर डोळ्यांना लावला. “शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हासुद्धा पंधरा झाल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत. दहाला गेले तर मला विचारायचे, आज त्याची सुट्टीच ना गं?”

छप्पन्न वर्षांचा तो माणूस बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हा ती दारापर्यंत आली.

“शेवटच्या दिवशी किती धरणार आहेस?”

“तू म्हणशील तेवढे,” तो म्हणाला. “मिनिटभर धरतो. पाच मिनिटं धरतो.”

“नको. पंधराच धर,” ताई म्हणाली. “जास्त धरलेस तर मला वाटेल तुला काहीतरी झालं.”

शनिवारी कंपनीने केंद्रात फुगे लावले होते. राजधानीहून आलेला एक साहेब टाय सावरत सगळ्यांशी हस्तांदोलन करत होता. सातला तीस सेकंद असताना पट्टेवाले खुर्चीवर बसले आणि वेळ होताच त्यांनी पट्टे सोडले. पांढरा, पिवळा, निळसर, हिरवा. दहा झाले. काचेपलीकडे बातम्यांच्या बाई सवयीने आणखी पाच सेकंद हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिल्या. बारा, तेरा. बोट बटणावरून उचलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. डोंगरामागे आत्ता ती बसलेली, ओठ हलत असलेले, एवढंच त्यांना दिसत होतं. पंधरा. त्यांनी बोट उचललं. तिला काळजी लागायला नको होती.

साडेसातला बातम्या संपल्या आणि जुन्या यंत्राचा लाल खटका त्यांनीच खाली ओढला, कारण तो कुठे आहे हे दुसऱ्या कोणाला नीट माहीत नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नव्या यंत्रावरही ते पंधरा धरत राहिले. कोणी मोजणारं नव्हतं हे त्यांना कळत होतं. बातम्यांच्या बाईंनी एकदा विचारलं, “आता तर यंत्र नवं आहे, आता काय गरम करता?” त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

एकोणिसाव्या दिवशी मनोऱ्याचा जिना चढताना त्यांच्या छातीत कळ आली आणि ते पायरीवरच बसले. हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, पण आधी थोडी ताकद येऊ दे. त्यांनी सगळ्यांना बजावलं की गावी कळवायचं नाही. कळवणार तरी कोणाला होते?

हॉस्पिटलातल्या अकराव्या दिवशी, संध्याकाळी पावणेसातला उशाशी त्यांचा मोबाईल वाजला. मास्तर होते.

“राग गेला नाहीये माझा,” मास्तरांनी सुरुवातच तशी केली. “पण दोनशे अकरा सह्या जमवल्यात. मुदत संपली तर संपली, पाठवणार. तुझं नाव घातलेलं नाही त्यात.”

“बरं केलंत, मास्तर. ताई कशी आहे?”

“तिला काय धाड भरलीये? छान आहे. रोज सातला टीव्हीसमोर जाऊन बसते. बंद टीव्ही बरं का, लावत नाही. घड्याळात सात वाजले की ओठ हलवून मोजते आणि उठते. काल मी विचारलं, अहो, काय दिसतं त्यात तुम्हाला? तर म्हणाली, पंधरा झाले, तो बरा आहे.” मग मास्तरांनी विचारलं, “आहेस ना रे बरा?”

पट्टेवाल्यांच्या हाताला सलाईन लावलं होतं. नर्स पलीकडच्या खाटेपाशी उभी होती.

“आहे की,” ते म्हणाले. “सांगा तिला, अगदी बरा आहे. नाहीतर नकाच सांगू, तिला माहीतच आहे.”

वॉर्डातल्या भिंतीवर टीव्ही होता. सात वाजले. पट्टे आले, इतके स्वच्छ, एकही मुंगी नाही. कंट्रोल रूममध्ये आज दुसरं कोणीतरी होतं. दहा झाले आणि पट्टे गेले, बाईंचा हसरा चेहरा आला. पट्टेवाले डोळे मिटून ओठांतल्या ओठांत मोजत राहिले. अकरा, बारा, तेरा. डोंगरामागे तीही आत्ता मोजत होती, आणि तिचे पंधरा रोज होणार होते, हा असो वा नसो.